आबांनी नातवाला घेतलं नाही

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी पाटोद्याच्या स्टँडवर एका ट्रकचं टायर फुटलं आणि आबा माझी बॅग टाकून बाकाखाली शिरले. माणसं हसली. मला इतकी लाज वाटली, की जन्मदात्या बापाला न उठवता मी एसटीत चढून बसले. कुंदा, धाकटी असून तू त्यांना उठवलंस. मागे तूच राहिलीस, म्हणून हे तुला लिहितेय.

आबा आणि काका विहिरी खोदायचे. खडकात भोकं पाडून सुरुंग भरायचे, वाती पेटवून लांब पळायचं आणि बार मोजायचे. जितकी भोकं तितके बार ऐकू आल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. आपल्या जन्माआधीच्या त्या दुपारी भोकं चार होती. आबांनी तीन बार मोजले, आणि डोंगरावरून परत आलेला आवाज चौथा धरला. "चार झाले, उतर," ते काकाला म्हणाले. उरलेला सुरुंग काका खाली असताना उडाला.

पुढे कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना दरदरून घाम सुटायचा. आईनं अंगारे लावले, कपिलधारला देवदर्शनाला नेलं. आणि मी शहाणी, शास्त्र शिकायला साता समुद्रापार आले.

इथे मला लॅब मिळाली ती नेमकी याच आजाराची. युद्धातून, अपघातातून वाचलेल्यांचं रक्त ट्यूबमध्ये यायचं. धक्क्यानं जीन बदलत नाही, पण तिच्यावर रासायनिक खुणा पडतात, आणि त्या जीननं किती काम करायचं हे त्या खुणा ठरवतात, असं आम्ही शोधत होतो. मला वाटलं, हे आबांना सांगावं. बाहेरचं काही नाही, भित्रेपणा नाही, हे शरीरातलं आहे, एवढं कळलं तरी त्यांना हलकं वाटेल. गावात नुकतेच मोबाइल आले होते, शेजाऱ्यांच्या मोबाइलवर त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोराबाळांत उतरतं का गं हे?"

तेव्हा मी पोटुशी होते. सेमिनारमध्ये सांगावं तसं मी सांगून टाकलं, की उंदरांत तसं दिसलंय. माणसांचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, हे सांगायचं मात्र राहिलं. खरं तर सुचलंच नाही. अकलेचे तारे तोडण्यात मी गुंग होते.

आठ महिन्यांच्या नीलला घेऊन आले तेव्हाचं तुला आठवत असेल. मी त्याला आबांच्या मांडीवर ठेवायला गेले, तर ते बाजेवरून उठून भिंतीला टेकले.

"नको. माझ्या अंगातलं त्याच्यात उतरंल."

हात लावून असलं काही होत नसतं, मी परोपरीनं सांगितलं. रडले, शेवटी पाया पडले.

"तूच म्हनलीस ना फोनवर," ते एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर खेपेला तेच. नील खेळायचा आणि आबा लांबून बघत बसायचे. आता ते गेले. माझे नमुने फ्रीझरमध्ये आहेत, पेपर छापून आलेत, आणि त्यांच्यातलं जन्मानंच नातवात काही उतरलंय की नाही, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

इथे कुणी घर कुठे विचारलं, की मी बीड सांगते. पण डोळ्यांपुढे येतं ते आपलं अंगण, भिंतीला टेकलेले आबा, त्यांच्याकडे रांगत निघालेला नील आणि मागे मागे सरकणारे त्यांचे पाय.