प्रल्हादची नैसर्गिक आपत्ती

प्रल्हाद सातपुते मूळचा अकोल्याचा, पण त्याचं सगळं आयुष्य चाललेलं अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका किड्याच्या वेळापत्रकावर. सिकाडा हा किडा सतरा वर्षं जमिनीखाली काढतो, मग एका मे महिन्यात लाखोंनी वर येतो, पाचेक आठवडे कानठळ्या बसेपर्यंत ओरडतो आणि मरतो. २००७ साली विद्यार्थी असताना प्रल्हादने विद्यापीठाच्या आवारातली ओकची चाळीस झाडं निवडून प्रत्येकाखालून किती किडे निघाले ते मोजलं होतं. पुढची मोजणी २०२४ मध्ये. दोन्ही आकडे जुळवल्याशिवाय त्याच्या संशोधनाला काडीची किंमत नव्हती, आणि ही खेप हुकली तर त्यापुढची त्याच्या एकसष्टाव्या वर्षी.

आता विद्यापीठाचं ऐका. त्याचं घर शॉमबर्गला, तिथून तासाभरावरच्या त्याच विद्यापीठाने २०१८ मध्ये त्याला शिकवायला घेतलं. नियम असा, की पाच वर्षांनी केलेल्या कामाची फाईल द्यायची. पसंत पडली तर टेन्युअर, म्हणजे जन्माची नोकरी, नाही तर गुंडाळा गाशा. फाईल द्यायची सप्टेंबर २०२३ मध्ये आणि किडे येणार मे २०२४ मध्ये. अवघे आठ महिने कमी पडत होते.

एक वर्ष वाढवून मिळतं, नाही असं नाही. पण फॉर्मवर कारणं मोजकी: बाळंतपण, आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, इतर. बाळंतपणाला डोळे झाकून मंजुरी मिळते, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. ते प्रल्हादने घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा, खुळाच तो. नेत्रा ऑफिसच्या कॉलवर होती. तिने स्वतःला म्यूट केलं, "मी बेचाळीस वर्षांची आहे आणि किड्यांसाठी बाळंत होणार नाही," एवढं म्हणाली आणि पुन्हा कॉलवर गेली.

मग त्याने 'इतर'वर खूण करून लिहिलं, "किडे अजून आलेले नाहीत." तीन आठवड्यांनी समितीचं उत्तर आलं. ज्यांच्यामुळे विलंब होतोय त्यांचं पत्र जोडावं, आणि त्यांना लवकर येण्याची विनंती केली होती का, तेही कळवावं. प्रल्हादने कपाळाला हात लावला.

अर्ज ज्या ऑफिसात जायचे तिथे सलोनी होती, इथेच जन्मलेली, मराठी मंडळातल्या ओळखीच्यांची मुलगी. "काका, सॉरी, प्रोफेसर," ती म्हणाली, "नॅचरल डिझास्टर टिक करा ना. ते ऑटो-अप्रूव्ह होतं. नोबडी रीड्स इट."

प्रल्हादच्या ते जिव्हारी लागलं. गावोगावच्या लायब्रऱ्यांत जाऊन हाच माणूस सांगत फिरायचा, की हे किडे चावत नाहीत, डसत नाहीत, कुणाचं काही वाईट करत नाहीत. आता त्यांनाच आपत्ती म्हणायचं, म्हणजे पोटच्या पोराला चोर म्हणण्यासारखं झालं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने टिक केलं, आपत्तीची जागा म्हणून ती चाळीस झाडं लिहिली आणि दहा मिनिटांत वर्ष मिळालं.

मे उजाडला, किडे दिल्या वेळेला वर आले. प्रल्हाद सकाळीच वही घेऊन झाडांपाशी पोचला, तर चाळीसही झाडांभोवती पिवळी टेप. विद्यापीठाने आपत्तीची जागा बंद केली होती, त्याच्याच सहीच्या आधारावर. फोनवर ईमेलही आला होता. आपत्तीच्या काळात कुणावर कामाचं दडपण येऊ नये म्हणून या वर्षात केलेलं काम फाईलमध्ये धरलं जाणार नाही. आपत्तीक्षेत्रात शिरल्यास मुदतवाढ रद्द. खाली समुपदेशकाचा नंबर.

त्याने सलोनीला फोन लावला. "पण काका, इट्स फॉर यू," ती खरंच काळजीने म्हणाली. "यू शुड रेस्ट. डिझास्टर लवकर संपवायचा असेल तर अपील करता येतं. आठ आठवडे लागतात." आठ आठवड्यांत किडे मरून त्यांचं खत झालं असतं.

मुदतवाढ रद्द म्हणजे फाईलची तारीख मागच्या सप्टेंबरची, म्हणजे नोकरी गेली. प्रल्हादला जन्मात इतका संताप आला नव्हता. नियमांचा नव्हे, आपण केलेल्या त्या एका टिकचा. आत किडे नुसते बोंबलत होते.

गोल्फ कार्टमधून सुरक्षारक्षक आला. "सर, आत आपत्ती आहे," तो अदबीने म्हणाला.

"माहीत आहे," प्रल्हाद म्हणाला, "माझीच आहे ती." आणि वाकून टेपखालून आत गेला. रक्षकाने त्याचं नाव लिहून घेतलं.

पहिल्या झाडाखाली बसून त्याने नेत्राला फोन केला. "मी आत शिरलोय. नोकरी गेली असं समज."

नेत्राने विचारलं, "झाडं किती आहेत एकूण?"

"चाळीस."

"एकट्याने नाही व्हायची तुझ्याने. रजा टाकून निघते मी. जास्तीची वही आहे का?"

वही नव्हती. प्रल्हादने आपल्याच वहीची मधली पानं सोडवून तिच्यासाठी बाजूला ठेवली.