नेकनूरजवळ गेलेलं बेअरिंग

यंत्राचा नुसता आवाज ऐकून मी त्याचा रोग सांगतो. परळीच्या वीजकेंद्रात उभी हयात हेच केलं. आता निवृत्तीनंतर घरी करतो (बायको मिक्सर लावायच्या आधी मला बाहेर पाठवते).

त्या दिवशी आम्ही लिंबागणेशला निघालो होतो. आमच्या रोहिणीनं स्वतःच ओंकार नावाचा मुलगा पसंत केला होता. मी ‘हो’ म्हणायचं तेवढं बाकी होतं. तो पुण्यात संगीताचं काहीतरी करतो एवढंच मला ठाऊक होतं, आणि नेमकं तेवढंच खटकत होतं.

नेकनूर मागं पडलं आणि गाडीत आवाज सुरू झाला. खट्, खट्, घर्रर्र, मध्येच भांडं पडल्यासारखं!

“बेअरिंग गेलं,” मी म्हणालो.

“अप्पा, ते...” रोहिणी मागून म्हणाली.

“तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?”

गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि इंजिनला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. काही नाही! आत येऊन बसलो, की पुन्हा खट्, खट्, घर्रर्र. तीनदा तेच. शेवटी दिसेल तो नट आवळला, नवा सदरा ग्रीसनं माखला, आणि आवाज बंद!

“बघितलं?” मी बायकोला विचारलं. रोहिणीनं हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला. मायलेकी एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

ओंकारच्या घरी पोहे खाता खाता मी त्याच्या वडिलांना सगळी हकिकत सांगितली, तोंडानं आवाज काढून. “लई घाण आवाज. मी होतो म्हणून पोचलो.”

“काका, आणखी एकदा काढता का तो आवाज?” ओंकार म्हणाला.

मी काढला. त्यानं मोबाइलवर काहीतरी लावलं. खट्, खट्, घर्रर्र, भांडं!

“हा माझा अल्बम हाय काका. हिपहॉप. प्रयोग म्हणून गाणारा ठेवलाच न्हाई, नुसते आवाज हायेत. रोहिणी म्हणली, अप्पांना गाडीच्या स्पीकरवर ऐकवते, आवडला तर पुढचं बोलू.”

रोहिणी मान खाली घालून बसली होती. पोरीचं जमलेलं लग्न आपण पाना घेऊन खोललं, या विचारानं मला खरंच भरून आलं.

तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, “आवडल्याबिगर ऱ्हाईल का? ह्यांनी मुद्दाम गाडी थांबवून ऐकलाय. तीनदा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ग्रीसचे डाग न गेलेल्या हातानं पेढा उचलला आणि मोबाइलवर अजून वाजणाऱ्या त्या खट्, खट्‌वर मान डोलावली. ठेका चुकला, पण कोणी काही म्हणालं नाही.