सॅकचा पट्टा

कुठलाही कठडा दिसला की आमचे शेजारी आधी तो दोन्ही हातांनी धरून हलवून बघायचे. सिंगापूरला बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमधला लिफ्टबाहेरचा कठडा तर रोज सकाळी. मग मला सांगायचे, "पक्का आहे." मी चिडवायचो, "साहेब, रात्रीतून ढिला होतो की काय?" ते हसून म्हणायचे, "धरायला काहीतरी पक्कं हवं हो, बाकी काही नाही." असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

ते जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात इंजिनियर, मी अकाउंटंट. फुटबॉलचं वेड दोघांनाही. पण मॅच ते खालच्या कॉफी शॉपमधल्या टीव्हीवरच बघायचे, तेही भिंतीला पाठ लावून. स्टेडियमचं नाव काढलं की विषय बदलायचे.

माझी मुलगी मात्र इथल्या एका क्लबची कट्टर समर्थक. गोलमागे उभं राहून मॅच बघायला रीतसर परवानगी द्या, रांगेरांगेत भक्कम दांडे बसवा, अशी तिच्या गटाची मागणी होती. एका रविवारी कॉफी शॉपमध्ये हाच वाद रंगला.

"काका, एव्हरीबडी स्टँड्स एनीवे, लाह," ती म्हणाली.

"बसूनच बघायची मॅच. उभं राहूच द्यायचं नाही." त्यांचा आवाज इतका चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी गावच्या मैदानावर गच्च गर्दी होती, सगळे उभे. गोल झाला आणि मागून लोंढा आला. धाकट्या भावाचा हात त्यांच्या हातात होता. "घामाने निसटला हो," एवढंच म्हणाले. भाऊ घरी आला नाही. त्यानंतर कठड्यावरून त्यांना चिडवणं मी सोडून दिलं.

पुढच्या मॅचला ते आपणहून आले. "पोरगी कुठे उभी राहते ते बघतो." गोलमागे खुर्च्या होत्या, पण बसलेलं कोणीच नव्हतं. पुढच्या खुर्चीची पाठ जेमतेम गुडघ्यापर्यंत. त्यांनी ती हलवून पाहिली, ती लगेच हलली. मग ते मुलीच्या मागे उभे राहिले आणि तिच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला. गोल झाला, सगळे उसळले, मागून धक्का आला. ती पुढच्या खुर्चीवरून पालथी पडणार तोच पट्टा ताणला गेला आणि ती जागच्या जागी राहिली. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. घरी परतताना ट्रेनमध्येही त्यांची मूठ वळलेलीच होती.

गटाच्या बैठकीत ते विरोधात बोलणार असंच सगळ्यांना वाटलं होतं. ते म्हणाले, "पोरं उभी राहणारच. खुर्च्या ठेवून ती बसत नाहीत. त्यांना कमरेशी पक्का दांडा द्या. दर मॅचला यायला मी काही पुरणार नाही." डॉक्टरांनी हृदयाचं काय सांगितलंय ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी ते गेले. मंडाईच्या दहनगृहात बुद्धवंदना झाली, त्यांना निरोप देऊन आम्ही परतलो. त्यांच्याशिवाय सकाळी लिफ्टपाशी उभं राहणं मला अजून जड जातं. क्लब म्हणतो, विचार चालू आहे. दांडे अजून बसलेले नाहीत.

मुलगी तिथेच उभी राहते, पाठीला तीच सॅक. गेटवरचा गार्ड उघडून बघतो, आत काहीच नसतं.

"रिकामी कशाला नेतेस गं?" मी एकदा विचारलं.

"बाबा, गोल झाला की काका पट्टा धरतात," ती म्हणाली.

मागच्या मॅचला मी तिच्या मागेच उभा होतो. गोल झाला, सगळे उसळले. माझे दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर होते, आणि पट्टा ताणला गेलेला मी पाहिला.