करवलीमागची छत्री

मामा मंगळवारी गेले. शनिवारी त्यांचं पॅराशूट कापलं गेलं. मामा त्याला छत्री म्हणत. मी तेव्हा बारामतीला होतो, ती छत्री शाळेत टांगण्यासाठी कड्या आणायला.

पृथ्वीला इतक्या वरून पाहून पुन्हा शेळगावातच राहायला आलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. फौजेत छत्रीनं उड्या मारणारे मामा पुढे बलूनमधून इतके वर गेले, की भर दुपारी आभाळ काळं दिसलं आणि मिशीला बर्फ धरला. तिथून त्यांनी उडी टाकली. तितक्या वरून त्यांच्या आधी कुणी टाकली नव्हती. गावाला त्याचं काय! पारावर कुणी विचारायचं, "आबा, इमानातनं उतरताना कसं वाटतं?" मामा म्हणायचे, "काय म्हाईत. मी दर येळी मधीच उतरलोय." घराबाहेर पडताना ते चिमूटभर माती सोडून वारा बघत. एकदा वारा बरा नाही म्हणून त्यांनी एसटी सोडली. मामी कडाडली, "एसटीला काय शिडं हायती का?"

वर्षातून एकदा छत्री गावच्या बुद्धविहाराच्या फरशीवर पसरायची. चपला बाहेर, बोलणं बंद. "उन्हानं हे कापड मरतं. सावलीतच वाळवायचं." मोठ्या छत्रीला बाहेर ओढणारी एक इवली छत्री आधी उघडते, तिला ते करवली म्हणत. "करवली पुढं झाल्याबिगर नवरी हालत न्हाय." इच्छा एकच होती, छत्री गावच्या शाळेत टांगावी, पोरांनी मान वर करून बघावं. मामेभावानं त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. मी शेजारी बसलो होतो.

मी कड्या घेऊन परतलो तेव्हा छत्री डाळिंबांवर होती. फळं करपू नयेत म्हणून आमच्याकडे झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. यंदा साड्या कमी पडल्या होत्या.

"पडूनच हुतं की कापड," मामेभाऊ म्हणाला.

"ते कापड होतं?"

"मग काय देव हुता?"

"शब्द दिला होतास."

"शाळंत उंदरांनीच खाल्लं असतं. हितं बापाचं कापड बापाच्या झाडावं हाय."

आणि हसला. ज्या कापडाला मामांनी जन्मभर ऊन लागू दिलं नाही, ते त्यानं उन्हासाठीच फाडलं. मामांच्या जलदानविधीला फ्लेक्सही त्यानंच लावला. मामांच्या फोटोमागे भलंमोठं विमान! जन्मभर विमानातून बाहेर पडलेल्या माणसाला मेल्यावर त्यात कोंबलं. मी जेवलो नाही. त्याच्याशी अजून बोलत नाही, बोलणारही नाही.

निघताना मामीनं पदराआडून करवली काढून दिली. "ही तेवढी लपावली. वारा बघून जा."

डाळिंबांवरची छत्री पावसाळ्याआधीच विरली. शाळेच्या छताला कड्या आहेत. मधल्या कडीला करवली टांगलेली आहे.