सासऱ्यांनी शिकवलेला चाबूक

नवऱ्याने अंथरूण धरलं, तेव्हा हरभऱ्यात शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, चाबकाच्या आवाजाने हाकलायचं काम माझ्यावर आलं. सासरे मला चाबूक वाजवायला शिकवू लागले. त्यांचा एक डोळा चाबकाच्या टोकानेच गेला होता; दुसऱ्याने अंधुक दिसे, म्हणून ते शेतात जात नसत. त्यांच्यासमोर मी पदर कपाळापर्यंत ओढलेला. चाबूक त्यातच अडकला.

"पदर खोच, सूनबाई. डोया जाईन."

त्यांच्या नजरेसमोर मला ते जमेना. मग सासरेच माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहिले.

"हात डोक्यावरून नेजो. तोंडापुढून आनू नोको."

मी पदर खोचून हात फिरवला. आवाज झालाच नाही. टोक डोळ्याखाली बसून रक्त आलं.

"लागलं काय?"

"नाई, मामाजी."

"मंग पुन्हा मार."

रक्त पुसून मी पुन्हा हात उचलला. शेतात जायला दुसरं कोणी नव्हतं.