नागोरावांची न संपलेली पाळी

चंद्रभागाबाईंना समुद्र पाहायला मिळाला तो लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर, आणि तोही नवऱ्याशिवाय. नवरा किनाऱ्यापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, गरम पाण्याच्या कुंडाशी बसला होता. अंघोळीला नव्हे, राखणीला. आता जमिनीतून आपोआप येणारं गरम पाणी कोण चोरून नेणार आहे? पण नागोरावांना हे सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नागोराव हडपसरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. बाहत्तरच्या दुष्काळात परभणीकडून आले आणि त्या बॉयलरला चिकटले ते चिकटलेच. काचेच्या नळीतलं पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, दाबाच्या काट्यावरून नजर हलवायची नाही, हे त्यांचं काम. नियम एकच. पुढच्या पाळीचा माणूस यायचा, त्याला पाणी किती, दाब किती हे सांगायचं, त्यानं ‘घेतला चार्ज’ म्हणायचं आणि मगच जागेवरून उठायचं. तो आला नाही तर त्याचीही पाळी आपणच करायची.

या नियमानं चंद्रभागाबाईंचा संसार नासवला, असं त्या स्वतःच म्हणायच्या. सख्ख्या भावाच्या लग्नात त्या पंगतीला एकट्या बसल्या. आम्रपाली झाली तेव्हा दवाखान्यात बाप उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी. विचारलं तर एकच उत्तर, रिलीव्हर आला नव्हता. माहेरची माणसं विचारायची, तुझा नवरा कामगार आहे की कारखान्याचा मालक?

दोन हजार एक साली कारखाना बंद पडला आणि सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा कोणाची होती ते कोणी विचारलं नाही. चंद्रभागाबाईंना वाटलं, चला, माणूस आता तरी घरचा झाला. कसला घरचा! गिझर लावला की समोर स्टूल टाकून बसायचे. कुकर चढवला की ओट्यापासून हलायचे नाहीत. पाच वर्षं त्या बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात धक्के खात पोळ्या लाटल्या.

कारखान्याच्या जागी काचेची इमारत झाली. आम्रपाली तिथून दोन इमारती पलीकडे कंप्युटरवर कामाला. तिनेच आईबापांना गाडीत घातलं आणि कोकणात तीन दिवसांसाठी आणलं. समुद्र आहे, गरम पाण्याचं कुंड आहे, बाबांचे गुडघे शेकून निघतील, असा तिचा हिशोब. चंद्रभागाबाईंचं मागणं त्याहून लहान होतं. एक संध्याकाळ नवऱ्याशेजारी वाळूत बसून सूर्य बुडताना पाहायचा, बास.

पहिल्याच दिवशी घात झाला. कुंडाशेजारी चहाची टपरी चालवणारे श्यामसुंदर सांगत होते की देवानं बाण मारला आणि इथून गरम पाणी निघालं. नागोरावांना बाणाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, पाणी कमीजास्त झालं तर बघतं कोण? श्यामसुंदर म्हणाले, कोणी नाही. हे ऐकून नागोराव जे पायरीवर बसले ते दोन दिवस उठले नाहीत. जेवायला नेलं की जेवायचे आणि परत येऊन बसायचे. कोळशानं दगडावर पाण्याची खूण केली. एका वेळी चारच माणसं आत सोडली, उड्या मारणाऱ्यांना दम भरला. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते गुडघे मात्र कोरडेच राहिले. आम्रपालीनं समजावलं, रागावली, शेवटी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा चंद्रभागाबाई पदर खोचून कुंडावर आल्या. उद्या सकाळी पुण्याला परतायचं होतं.

“तुम्ही दोघी जाऊन या,” नागोराव म्हणाले. “मी आहे इथं.”

“कोणी बसवलंय तुम्हाला इथं?”

नागोरावांनी कोळशाच्या खुणेवरचं पाणी बोटानं मोजलं. मग तोंडातल्या तोंडात सांगू लागले. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी सगळे कामगार निवृत्तीचे कागद घेऊन दुपारीच गेले. नागोरावांनी बॉयलर विझवला, निवू दिला आणि पुढच्या माणसाची वाट बघत बसले. संध्याकाळी वॉचमन आला, दिवा बंद करा, कुलूप लावायचंय म्हणाला.

“आम्रपालीच्या आई, चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही.”

चंद्रभागाबाईंना तो दिवस आठवला. नवरा घरी आला होता, हातपाय धुऊन जेवायला बसला होता, लोणचं मागून घेतलं होतं. याला काही वाटलंच नाही, असं त्या तेव्हा शेजारणीला म्हणाल्या होत्या. राग आताही होताच, फक्त तो कोणावर काढावा ते कळेना.

“उठा,” त्या म्हणाल्या. “मी आलेय पाळीवर. सांगा, पाणी किती?”

थट्टा तर नाही ना, हे नागोरावांनी त्यांच्या तोंडाकडे बघून ताडलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले. पाणी खुणेच्या वर दोन बोटं, गरम कालच्याइतकंच, पलीकडची पायरी शेवाळलीय, तिथं लोक घसरतात. बाईंनी सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं.

“घेतला चार्ज.”

नागोरावांनी चष्मा काढून पुसला. रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळल्यासारखे उभे राहिले. तोवर बाई चपला घालून वाटेला लागल्याही होत्या.

“अगं, चार्ज घेतलास ना? मग सोडून कुठं निघालीस?”

“चार्ज माझ्याकडे आहे. काय करायचं ते मी बघीन. तुमची पाळी संपली, आता मध्ये बोलायचं नाही.”

नागोराव आले. वाटेत तीनदा वळून बघितलं, पण आले. आम्रपाली लांब थांबली आणि दोघं वाळूत बसली. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. पाच मिनिटं बरी गेली. मग नागोराव जरा पुढे सरकले, लाट कुठवर येते ते निरखलं आणि वाळूत बोटानं खूण केली.

“भरती कितीला असते गं? बघतं कोण इथं?”

सूर्य पुरता बुडेपर्यंत चंद्रभागाबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं, उठू नयेत म्हणून.