उद्याचा चहा

जैनूचाचांची जीप एका माणसासाठी कधी सुटली नाही. पाथर्डीच्या स्टँडवर ती भरेपर्यंत चाचा बॉनेटला टेकून उभे राहत. कुणी घाई केली की म्हणत, "एकट्यानं जायचं तर चालत जा की. जीप समद्यांची हाय." सरकारी माणसांकडून काम करून घेतानाही त्यांचा हाच नियम होता, हे मला सखूमावशीच्या वेळी कळलं.

मावशीला दिसत नव्हतं. पुतण्या ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेला तो तिला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून. म्हातारी विहिरीत पडू नये म्हणून! शेजारीण खिडकीतून भाकरी देई. पोलीस पाटील म्हणाले, "घरातली बाब हाय, तक्रार कुठाय?" ग्रामसेवक म्हणाले, "कुलूप तोडणं पोलिसांचं काम." उपकेंद्राच्या सिस्टर म्हणाल्या, "दार उघडा, लगेच तपासते." तिघंही नियमाला धरून बोलत होते आणि मावशी कुजत होती. मी संतापून पत्रक छापलं. चाचांनी ते शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली.

"झ्याक लिवलंय. पन लेखक, मावशीला दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांनाही 'वाटेत जरा काम हाय' म्हणून जीपमध्ये घेतलं आणि गाडी थेट मावशीच्या दारात थांबवली. "आता कंचं काम कुनाचं, ते हितं खिडकीपाशी बोला. तिलाबी ऐकू द्या."

आतून आवाज आला, "कोन आलंय गं बाई?"

मग पाटलांनी पुतण्याला फोन लावला. तो रडतच म्हणाला, "तोडा, पाटील." ग्रामसेवकांनी पंचनामा केला, कुलूप तुटलं, सिस्टर आत शिरल्या. पाठीच्या जखमा भरायला मावशीला दवाखान्यात राहावं लागलं. परत आली ती हट्टानं स्वतःच्याच घरी. तिला सोडून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकत निघालो, तर चाचा दारात आडवे.

"समदं झालं. उद्या सकाळी हिला चहा कोन देनार?"

तिथंच वार वाटले गेले. पुतण्या उसाला गेला की आमच्या पाळ्या सुरू होत. शुक्रवार चाचांचा. दारात हॉर्न वाजवूनच ते आत जात.

यंदाच्या हंगामात, एका शुक्रवारी पहाटेच चाचा गेले. सारा गाव मातीला आला. कब्रस्तानातून बाहेर पडताना पाटील एकदम थबकले. "आज शुक्रवार. मावशीचा चहा?" मला वाटलं होतं सिस्टरांनी दिला असेल. ग्रामसेवकांना वाटलं होतं, मी. आम्ही तिघं अक्षरशः धावत सुटलो.

मावशी उंबऱ्यात बसली होती, रस्त्याकडे कान लावून. "चाचाची गाडी बिघडली व्हय रं? हॉर्न न्हाई वाजला."

तिला सांगायचंही प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलं होतं. ग्रामसेवकांनी स्टोव्ह पेटवला. पाटील साखरेचा डबा शोधू लागले. मी मावशीशेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला.

"मावशी," मी म्हणालो, "आजपासून शुक्रवार माझा."